म्हणे, ग्राहकच बेफिकीर!

विसरलेल्या बँक खात्यातून दंड कापला गेला, सोडून दिलेल्या जिमने पुन्हा हप्ता ओढला, परत केलेल्या क्रेडिट कार्डाचं वार्षिक शुल्क आलं, अशी तक्रार कोणी केली की समोरून एक ठरलेलं उत्तर येतं. "रीतसर बंद करायला नको का? अटी वाचायला नकोत? खातं तुम्ही वाऱ्यावर सोडणार आणि वर बँकेला नावं ठेवणार!" काउंटरपलीकडचा माणूस हे म्हणतो, कस्टमर केअरवरचा आवाज म्हणतो, निवृत्त बँक अधिकारी ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानात म्हणतात, आणि या व्यवहाराशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा घरातला एखादा शहाणा मेहुणाही हेच म्हणतो. ज्याचे पैसे गेले तोसुद्धा बऱ्याचदा मान खाली घालून 'चुकलंच आपलं' म्हणून गप्प बसतो. त्याचं हे गप्प बसणं मला जास्त खटकतं.

या युक्तिवादाचे तीन पाय आहेत. खातं चालू ठेवायला खर्च येतो, तो कोणीतरी सोसायला हवा. अटी सहीच्या आधीच समोर होत्या. आणि दंड नसेल तर लोकांना शिस्त कशी लागणार? तिन्ही गोष्टी ऐकायला समंजस वाटतात. जवळ जाऊन पाहिलं की एकही पाय जमिनीला टेकलेला नसतो.

त्यातलं खरं आधी मान्य करून टाकतो. देणं बाकी असताना खातं बंद करता येत नाही, यात अन्याय काहीच नाही. बंद करायला आलेला माणूस खातेदारच आहे ना, याची खात्री बँकेने करायलाच हवी. उद्या कोणीही फोन करून माझं खातं मिटवू शकला तर पहिली बोंब मीच मारीन. काही सेवांमध्ये वापर नसतानाही आकार घेणं रास्त असतं. महावितरणचा स्थिर आकार घ्या. कोकणातलं घर वर्षाचे दहा महिने कुलपात असलं तरी दारापर्यंत आलेली तार, गावातलं रोहित्र, दुरुस्तीला येणारा वायरमन हे सगळं तुमच्यासाठी तयार ठेवलेलं असतं. त्याचे पैसे मागितले तर कुरकुर जरूर करावी, पण त्याला लूट म्हणू नये.

रिकाम्या बचत खात्यासाठी मात्र बँक काय तयार ठेवते? संगणकातली एक नोंद. आणि खातं रिकामं नसेल, तर उलट बँकच तुमच्या पैशावर धंदा करते. चालू आणि बचत खात्यांतला पैसा हा बँकेला मिळणारा सगळ्यात स्वस्त पैसा. तिमाही निकाल जाहीर करताना बँकांचे प्रमुख 'कासा' प्रमाण वाढल्याचं अभिमानाने सांगतात, ते याच पैशाबद्दल. म्हणजे खात्यात पुष्कळ पैसे असले की ती बँकेची ताकद, आणि थोडे असले की तो बँकेवरचा बोजा! बरं, हा बोजा इतका असह्य असेल तर देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेने तो सोडला कसा? स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये आपल्या ४४ कोटींहून अधिक बचत खात्यांवरची किमान शिल्लक ठेवण्याची अट काढून टाकली. ती बुडाली नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही हा दंड बंद केला. त्याआधीच्या पाच वर्षांत, म्हणजे २०१९-२० ते २०२३-२४ या काळात, सरकारी बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल जवळजवळ ८,५०० कोटी रुपये वसूल केल्याचं अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं होतं. आणि या पाच वर्षांतला बहुतेक काळ स्टेट बँक असा दंड घेतच नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या बचत खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५०,००० रुपयांवर नेली, ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती १५,००० वर आणली. खर्चाचा हिशेब इतका लवचीक नसतो. गिऱ्हाईक कुठवर सोसेल याचा अंदाज मात्र असतो.

आता हा 'बेफिकीर ग्राहक' तयार कसा होतो ते पाहू, कारण तो आकाशातून पडत नाही.

हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी धरणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी एका बँकेचा फॉर्म हातात मिळतो. बँक कंपनीने निवडलेली असते. दोन वर्षांनी नोकरी बदलली की नवी कंपनी, नवी बँक, नवं खातं. जुन्या खात्यात पगार येणं थांबतं आणि काही महिन्यांनी बँक ते पगाराचं खातं साध्या बचत खात्यात बदलून टाकते. पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नव्हती, या नव्या अवताराला लागते. बदल कळवणारा एक मेसेज येतो. कर्ज घ्या, कार्ड घ्या, विमा घ्या अशा मेसेजांच्या ढिगात तो कुठेतरी गाडलेला असतो. कधी तो जुन्या कंपनीने दिलेल्या ईमेलवर जातो, जो नोकरी सुटली त्याच संध्याकाळी बंद झालेला असतो. जे खातं त्याने स्वतः निवडलं नाही, त्याच्या परस्पर बदललेल्या अटी त्याने वाचल्या नाहीत म्हणून तो बेफिकीर!

समजा, तो बेफिकीर नाही. समजा, त्याने मेसेज वाचला आणि खातं बंद करायचं ठरवलं. इथून पुढचा भाग या युक्तिवादाचे पुरस्कर्ते कधीच सांगत नाहीत. खातं उघडताना त्याला शाखेची पायरीही चढावी लागली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ओळख पटवायला परवानगी दिली. तेव्हापासून आधार, पॅन आणि फोनचा कॅमेरा एवढ्यावर घरबसल्या खातं उघडतं. बंद करायला मात्र अनेक बँकांत 'होम ब्रँच'ला जावं लागतं. ती असते बाणेरला आणि हा आता असतो नागपुरात किंवा हैदराबादला. कागदी फॉर्म भरा, उरलेली चेकची पानं आणा, डेबिट कार्ड कापून जमा करा, संयुक्त खातं असेल तर दोघं या. शाखेत गेलं की कळतं, सही जुळत नाही. कशी जुळणार, खातं उघडताना सही बोटाने स्क्रीनवर केलेली होती. ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून बँकेने चार मिनिटांत खातं उघडलं, तोच चेहरा बंद करताना पुरेसा होत नाही. ओळख पटवणं हीच खरी अडचण असती तर ती दोन्ही दारांवर सारखी असती. काही बँकांनी आता अॅपवरून खातं बंद करायची सोय दिली आहे, म्हणजे तांत्रिक अडथळा नाही हेही सिद्ध झालं. बाकीच्यांनी ती दिलेली नाही, कारण तसं करण्यात त्यांचं काही अडत नाही.

ही फेरी टळावी म्हणून माणूस खात्यात दोन-चारशे रुपये ठेवून निघून जातो. आणि मग दंड सुरू होतो.

इथे कायदा काय म्हणतो ते 'अटी वाचा' म्हणणाऱ्यांनीच एकदा वाचावं. २० नोव्हेंबर २०१४ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. शिल्लक कमी झाली तर बँकेने ग्राहकाला आधी कळवायचं, ती भरून काढायला निदान एक महिना द्यायचा, दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा, आणि निव्वळ या दंडामुळे बचत खातं उणे शिल्लकीत जाऊ द्यायचं नाही. वाक्य अगदी स्वच्छ आहे. पण व्यवहारात काय होतं? खातं शून्यावर येऊन थांबतं, नियम पाळला गेला म्हणून सगळे मोकळे. वसूल न झालेला दंड मात्र कुठेतरी मांडून ठेवलेला असतो, आणि पुढे कधी पैसे जमा झाले की तो आधी कापला जातो. उणे शिल्लक दाखवायची नाही, पण उणं असल्यासारखं वागायचं.

याचं सगळ्यात उघडं दर्शन महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतलं. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या पहिल्या दोन हप्त्यांचे मिळून ३,००० रुपये बायकांच्या खात्यांत पडले. त्यातली कित्येक खाती वर्षानुवर्षं झोपलेली होती. अनेक ठिकाणांहून तक्रारी आल्या की बँकेने जुन्या दंडापोटी पैसे कापून घेतले. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना, या पैशातून अशी कपात करू नका, असं बँकांना सांगावं लागलं. योजनेबद्दल कोणाचं मत काहीही असो. पण एखाद्या वस्तीतल्या बाईला तिच्या खात्यावर दंडाची नोंद आहे हे पहिल्यांदा कळतं ते सरकारने पाठवलेले पैसे हाती न आल्यावर, हा प्रसंग 'शिस्त लावणे' या शब्दात कसा बसवायचा, ते शिस्तवाल्यांनी सांगावं. कसली शिस्त? खात्यात ठेवायला पैसे असते तर तिला त्या योजनेचा फॉर्म भरायची गरज नसती.

यावर ते म्हणतील, नियम आता सुधारले आहेत. खरं आहे. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंड लावता येत नाही, आणि असं खातं पुन्हा सुरू करायला शुल्कही घेता येत नाही. चांगला नियम आहे. पण खातं निष्क्रिय ठरतं कधी? ग्राहकाने स्वतः केलेला एकही व्यवहार दोन वर्षांत झाला नाही तर. दंडाची कपात हा ग्राहकाचा व्यवहार नव्हे, आणि खातं निष्क्रिय ठरेपर्यंत ती चालू राहते. म्हणजे ही दोन वर्षं दंड खात्याला कुरतडत राहणार, आणि कुरतडायला काही उरलं नाही की संरक्षण लागू होणार. तोवर घर जळून गेलेलं असतं आणि बंब दारात येऊन उभा राहतो. दहा वर्षं हालचाल नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. एवढे पैसे मागे सोडून जाणारे सगळेच आळशी म्हणायचे असतील तर या देशात आळसाला चिकाटी फार आहे.

क्रेडिट कार्डाचं उदाहरण मी मुद्दाम वेगळं काढतो, कारण तिथे हा वाद एकदा निकाली निघालेला आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांसाठी नवे निर्देश काढले. देणं पूर्ण फेडलेलं असेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करायची. विनंतीसाठी हेल्पलाइन, वेगळा ईमेल, आयव्हीआर, वेबसाइटवर ठळक दिसणारी लिंक, अॅप असे मार्ग खुले ठेवायचे. टपालानेच अर्ज पाठवा, असा हट्ट धरायचा नाही. मुदत चुकली तर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. बंद झाल्यावर कार्डात जमा रक्कम उरली असेल तर ती ग्राहकाच्या बँक खात्यात पाठवायची. आणि वर्षभराहून अधिक काळ कार्ड वापरलंच नसेल तर बँकेने स्वतःहून विचारायचं, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर ते बंद करायचं.

नियम उलटा वाचला की आधी काय चाललं होतं ते कळतं. कोणी टपालाचा हट्ट धरत नसतं तर 'टपालाचा हट्ट नको' असं लिहावं कशाला लागलं असतं? लिंक ठळक असती तर 'ठळक' हा शब्द आला नसता. दिवसाला ५०० रुपयांचा दंड नियामकाने बँकांवर ठेवला, ग्राहकांवर नाही. म्हणजे बेफिकिरी कोणत्या बाजूला होती, याचा निवाडा देशाच्या मध्यवर्ती बँकेने लेखी दिलेला आहे. आणि शेवटची अट पाहा: ग्राहक गप्प राहिला तर कार्ड बंद. बचत खात्यात ग्राहक गप्प राहिला तर दंड. एकाच बँकेतला एकच माणूस, त्याचं तेच गप्प बसणं, आणि अर्थ दोन! बचत खात्याला ना सात दिवसांचा नियम आहे, ना दिवसाच्या ५०० रुपयांचा. का नसावा, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कोणाकडून मिळालेलं नाही.

डीमॅटची कथा वेगळी नाही, म्हणून थोडक्यात. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डीमॅट खाती होती, ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटी झाली. टाळेबंदीत घरी बसून, मित्राच्या 'रेफरल'वर, आयपीओच्या एका अर्जासाठी उघडलेली ती खाती. आज त्यांतल्या कितीतरी खात्यांत एकही शेअर नसेल, पण वार्षिक देखभाल शुल्काची नोंद वर्षाला चढते आहे.

खरा गुंता मात्र आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचा आहे, आणि तिथे 'सावध राहा' हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात कमी पडतो. कारण तिथे बंद करायच्या गोष्टी दोन असतात. एक सेवा, दुसरा बँकेला दिलेला कपातीचा आदेश. जिमला 'येणार नाही' सांगितलं तरी आदेश जिवंत राहतो आणि पैसे जात राहतात. उलट, बँकेत आदेश रद्द केला पण सेवा रद्द केली नाही, तर देणं वाढत राहतं आणि सहा महिन्यांनी वसुलीचा फोन येतो. आणि काही जण तिसरा मार्ग धरतात: खातंच रिकामं करून टाकतात. तो सगळ्यात महागात पडतो. हप्ता परत गेला की बँक दर वेळी शुल्क घेते, वर १८ टक्के जीएसटी. पैसे मागणारी कंपनी आपला वेगळा दंड लावते. त्यातून तो कर्जाचा हप्ता असेल तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अॅक्ट, २००७ च्या कलम २५ खाली न वटलेल्या इलेक्ट्रॉनिक आदेशासाठी फौजदारी खटला होऊ शकतो, चेक न वटण्यासारखाच, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेला. नोकरी बदलल्यावर जुनं खातं बंद करणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगितलेलं असतं? बंद करण्याच्या फॉर्मवर या खात्यातून कोणकोणते आदेश चालू आहेत त्याची यादी छापून देणं बँकेला सहज शक्य आहे. ती यादी तिच्याकडे असतेच. ग्राहकाकडे नसते.

कार्डावरच्या आणि यूपीआयवरच्या आवर्ती कपातींसाठी ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची चौकट लागू आहे. कपातीच्या निदान २४ तास आधी सूचना द्यायची. साधारणपणे १५,००० रुपयांवरच्या कपातीला पुन्हा ओटीपी लागतो. आदेश कधीही रद्द करता येतो. या नियमाने पुष्कळ भलं केलं आहे, हे मोकळेपणाने सांगतो. पण १४९ आणि २९९ रुपयांच्या हप्त्यांचं सगळं जगच १५,००० च्या खाली आहे, आणि तिथे सूचनेचा मेसेज हा एकमेव पहारेकरी.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' म्हणजे ग्राहकाला फशी पाडणाऱ्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार नावानिशी सांगितले. त्यातला एक नेमका हा: वर्गणीचा सापळा. रद्द करण्याचा पर्याय लपवणं, रद्द करणं गुंतागुंतीचं करणं, फुकट म्हणून सुरू केलेल्या सेवेसाठी आधीच कपातीचा अधिकार घेऊन ठेवणं, हे सगळं त्यात येतं. सरकार एखाद्या गोष्टीला सापळा म्हणत असेल, तर त्यात सापडलेल्याला बेफिकीर कसं म्हणायचं?

ही आपल्याकडचीच रड आहे असंही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅमेझॉनवर जो दावा लावला, त्यात असा आरोप होता की प्राइमचं सदस्यत्व रद्द करण्याच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत 'इलियड' म्हणत. ट्रॉयच्या न संपणाऱ्या युद्धाचं महाकाव्य. सप्टेंबर २०२५ मध्ये अॅमेझॉनने अडीच अब्ज डॉलरवर तो दावा मिटवला. त्याच देशात रद्द करणं सोपं करण्याचा नियम मात्र जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. जर्मनीने हा प्रश्न फारशा गाजावाजाविना सोडवला: १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार करून घेणाऱ्याने वेबसाइटवर करार संपवण्याचं बटण द्यायलाच हवं. म्युनिकला किंवा बर्लिनला राहणाऱ्या मराठी मुलांना हे बटण माहीत असतं. सुट्टीत पुण्याला आल्यावर तीच मुलं आईवडिलांचं ब्रॉडबँड बंद करायला तीन तीन फोन करत बसतात.

राहिला 'अटी समोर होत्या' हा मुद्दा. समोर असणं आणि ठरवण्यात वाटा असणं यात फरक आहे. बँकेच्या फॉर्मवरचं एकही वाक्य खोडून कोणी सही केलेली मला ठाऊक नाही, आणि केली असती तर खातं उघडलं नसतं. शिवाय 'बँक वेळोवेळी शुल्कात बदल करू शकेल' हे कलम त्या अटींतच असतं. म्हणजे आपण जे वाचायला हवं होतं ते सहीच्या दिवशी लिहिलेलंच नव्हतं! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ही विषमता ओळखून 'अन्याय्य करार' ही कल्पना आणली. अवाजवी आकार लादणारा, ग्राहकाच्या हक्कात मोठी पडझड करणारा करार आयोगापुढे नेता येतो. पण हा विषय जिल्हा आयोगाच्या कक्षेत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. ६०० रुपयांच्या दंडासाठी सोलापूरचा माणूस राज्य आयोगाची पायरी चढणार का? नाही, आणि हे दंड लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. रक्कम मुळात इतकी छोटी ठेवायची की भांडणं परवडू नये.

आणि एका ग्राहकाला तर बेफिकीर म्हणण्याची सोयच नाही: जो वारला आहे. त्याचा पोस्टपेड नंबर, त्याच्या डिश टीव्हीचं पॅक, त्याच्या डीमॅटचं शुल्क, सगळं चालूच राहतं. वारसांनी मृत्यूचा दाखला घेऊन प्रत्येक दारात जायचं. मृत खातेदाराचे पैसे नामनिर्देशित व्यक्तीला पंधरा दिवसांत द्यावेत असं रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, उशीर झाल्यास भरपाईसह ते पुन्हा सांगावं लागलं. इथे कोणत्या अटी कोणी वाचायच्या राहिल्या होत्या?

माझं मागणं मोठं नाही. ज्या मार्गाने खातं उघडलं त्या मार्गाने ते बंद करता आलं पाहिजे. कार्डाला लागू असलेली सात दिवसांची मुदत आणि दिवसाचे ५०० रुपये बचत आणि डीमॅट खात्यांनाही लागू व्हावेत. आणि दंड सुरू होण्याआधी बँकेने एकच प्रश्न विचारावा, 'हे खातं हवंय का?', आणि उत्तर आलं नाही तर उरलेले पैसे ग्राहकाच्या दुसऱ्या खात्यात पाठवून हिशेब मिटवावा. यासाठी नवं यंत्र शोधायची गरज नाही. कर्ज देण्यासाठी दिवसाला चार वेळा फोन करणाऱ्या यंत्रणेने हा एक फोन करावा.

ते होईपर्यंत सावधगिरीचा सल्ला मीही देतो, फक्त त्याला ग्राहकाचं कर्तव्य म्हणत नाही. ती लढाईतली दक्षता आहे. खात्यावरचे सगळे आदेश आधी दुसऱ्या खात्यावर हलवा आणि एक महिना जाऊ द्या, म्हणजे विसरलेला एखादा हप्ता त्या महिन्यात डोकं वर काढील. क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल भरल्यावरही पुढच्या बिलाची वाट पाहा. बिलाच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज त्यात येऊ शकतं, आणि ती शंभर-दीडशेची रक्कम राहिली तर कार्ड बंद झालेलं नसतं. पाच वर्षांची स्टेटमेंट उतरवून ठेवा, कारण खातं बंद झालं की नेटबँकिंगचं दारही बंद होतं आणि आयकराची नोटीस त्यानंतर येऊ शकते. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. ईमेलने पाठवला तर तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. बँकेखेरीज इतर कंपन्यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आणि 'झालं, या तुम्ही' असं काउंटरवरून कोणी म्हणालं तर खुर्चीवरून उठू नका. खातं अमुक तारखेला बंद झालं, येणं-देणं काही नाही, असं लेटरहेडवर लिहून मागा, आणि ते हातात आल्यावरच पाकीट उघडून डेबिट कार्ड द्या.